नकार आपल्या ताटापुरता

मागच्या अंकात शालेय पोषण आहारावर एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले, त्यावर कोल्हापूर जिल्ह्याच्या बहुतेक तालुक्यांतून पत्रे आली. त्यांतील निम्म्याहून अधिक पत्रे अंड्याविषयी आहेत. ज्या जिल्ह्यात पांढऱ्या रश्श्याचा अभिमान घरोघरी आहे आणि ज्याच्याच शिरोळ-हातकणंगल्यात कांदा-लसूणही वर्ज्य मानणारी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत, तिथे दुसरे काय होणार? अनेक पत्रांतील मुद्दे सारखेच असल्यामुळे निवडक पत्रांनाच उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच विनंतीवरून गाळली आहेत.

प्रश्न : आमचे कुटुंब जैन आहे. मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकतो. मध्यंतरी शाळेत अंडी सुरू झाली, तेव्हा मी मुख्याध्यापकांना विरोधाचे पत्र दिले आणि पुढे अंडी बंद झाली. मला समाधान वाटले, परंतु शेजारच्या बाईंनी मला सुनावले की, "तुमच्या पोराला नको म्हणून माझ्या पोराचं का काढून घेतलंत?" आमच्या धर्मात निषिद्ध असलेला पदार्थ सरकारने माझ्या मुलासमोर आणू नये, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही काय? (एक आई, शिरोळ तालुका)

उत्तर : आपल्या पत्रात दोन मागण्या एकमेकींत मिसळल्या आहेत. माझ्या मुलाच्या ताटात अंडे पडू नये, ते खाण्याचा आग्रह त्याला कोणी करू नये, अंडा पुलावातली पळी त्याच्या भातात जाऊ नये, ही पहिली मागणी. ती पूर्णपणे रास्त आहे, आणि ती पाळली जाणे हा शाळेच्या सौजन्याचा नव्हे, कर्तव्याचा भाग आहे. अंडे शाळेतच येऊ नये, ही दुसरी मागणी. आणि ती करताना आपण आपल्या मुलाविषयी बोलत नसून शेजारच्या बाईंच्या मुलाविषयी बोलत असता. नकाराचा अधिकार आपल्या ताटापुरता असतो. सबंध पंगतीच्या वतीने नकार देण्याचा अधिकार आपल्याला नाही, तसाच तो आपल्या शेजारणीलाही नाही. उद्या बहुसंख्य पालकांनी सगळ्यांनी अंडे खाल्लेच पाहिजे असा ठराव केला, तर मी आपल्या बाजूने लिहीन.

तरीही आपल्या शेजारणीचा राग चुकीच्या दारावर गेला आहे, असे मला वाटते, कारण अंडी बहुधा आपल्या पत्रामुळे बंद झालेली नाहीत. घटनाक्रम असा आहे. ७ नोव्हेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने आठवड्यातून एकदा उकडलेले अंडे, अंडा पुलाव किंवा बिर्याणी देण्याचे ठरले. न खाणाऱ्या मुलांसाठी केळे किंवा स्थानिक फळ होते आणि एका अंड्यामागे पाच रुपये मंजूर झाले. विरोध सुरू होताच जानेवारी २०२४ मध्ये, ज्या शाळेतील ४० टक्के पालकांचा विरोध असेल तिथे अंडी देऊ नयेत, अशी सवलत आली. म्हणजे शंभर मुलांच्या शाळेत चाळीस पालक नको म्हणाले की उरलेल्या साठ मुलांचेही अंडे गेले. आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्यांसाठीचा पैसाच थांबवला. ज्यांना अंडी किंवा गोड पदार्थ द्यायचे असतील त्या शाळांच्या व्यवस्थापन समित्यांनी लोकसहभागातून सोय करावी, असे सांगितले. आपण दोघी विरोधाच्या पत्रावरून भांडत होता, तेवढ्यात ज्याने खर्च करायचा तो मागच्या दाराने निघून गेला, हे शेजारणीला जरूर सांगा.

लोकसहभाग हा शब्द ऐकायला फार गोड आहे. राजारामपुरीतल्या एखाद्या शाळेला तो मिळेलही. वाढदिवसाला शंभर अंडी देणारा कोणी ना कोणी उद्योजक शहरात सापडतो. गगनबावडा तालुक्यातील एखाद्या वाडीवरच्या पंधरा पटाच्या शाळेने तो कोणाकडे मागायचा? जिथे देणारे कमी, तिथेच गरज जास्त, म्हणून तर ही योजना सरकारची आहे.

अंडी चालू होती त्या हिवाळ्यात शहरातल्या एका महापालिका शाळेत अंड्याच्या दिवशी मी गेलो होतो. व्हरांड्यात दोन रांगा होत्या. बचत गटाच्या मावशी आधी केळी वाटून मोकळ्या होत होत्या, कारण अंड्यांना वेळ लागतो. पहिलीच्या मुलांना अंडे सोलूनच द्यावे लागते, नाहीतर निम्मे टरफलाबरोबर जाते. गंमत अशी की केळ्याच्या रांगेत अंडे खाणाऱ्या घरची चार-पाच मुले बिनदिक्कत उभी होती. दिवस सोमवारचा नव्हता, श्रावणही नव्हता. त्यांना त्या दिवशी केळे हवे होते, एवढेच. मावशींनी एकाला हटकले, तर तो म्हणाला, "घरात अंडीच अंडी हाईत की." कोणाच्याही धर्माला धक्का न लागता निवड कशी होते, हे त्या व्हरांड्यात फारशी चर्चा न होता चालले होते.

आता शाकाहारी पालकांनी खरे तर जी तक्रार करायला हवी आणि जी एकाही पत्रात आढळली नाही, तिच्याकडे वळतो. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिने असतात. पहिली ते पाचवीच्या मुलाला शाळेच्या जेवणातून मिळावयाच्या प्रथिनांचे प्रमाण १२ ग्रॅम ठरलेले आहे, म्हणजे एका अंड्याने त्यातले निम्मे भागते. केळ्यातून मिळणारी प्रथिने जेमतेम एक ग्रॅम. तेव्हा अंड्याऐवजी केळे देऊन सरकारने आपल्या मुलाच्या धर्माचा मान राखला असला, तरी त्याच्या पोषणाचा हिशेब कच्चाच ठेवला होता. सुमारे पंचवीस ग्रॅम शेंगदाणे, तीस ग्रॅम फुटाणे किंवा पेलाभर दूध यांतून अंड्याइतकी प्रथिने मिळतात, आणि शाकाहारी आहारात ज्याची हमखास चणचण असते ते बी-१२ जीवनसत्त्व दुधातून काही प्रमाणात मिळते. गोकुळ दूध संघाच्या आणि गुळाच्या या जिल्ह्यात आठवड्यातून एकदा दूध आणि गूळ-शेंगदाण्याचा लाडू मागणे काही फार मोठे नाही. अंडे बंद करा असे पत्र देण्याऐवजी माझ्या मुलाला अंड्याच्या तोडीचे काही द्या असे पत्र आपण दिले, तर शेजारणीसुद्धा त्यावर सही करतील.

शेजारचे उदाहरण दूरचे नाही. कागल ओलांडून निपाणीत गेले की कर्नाटक सुरू होते. तिथे सरकारी आणि अनुदानित शाळांत २०२४ पासून, अझीम प्रेमजी प्रतिष्ठानच्या आर्थिक साहाय्याने, आठवड्याचे सहाही दिवस अंडे देण्याचे ठरले आणि न खाणाऱ्यांसाठी केळे किंवा चिक्की आहे. बेळगाव जिल्ह्यातही जैन आणि लिंगायत समाज मोठ्या संख्येने आहेत, आणि विरोध तिथेही झाला. सरकारने पर्याय दिला, अंडे काढले नाही. उलट मध्य प्रदेशात २०१५ साली अंगणवाड्यांत अंडी देण्याचा प्रस्ताव मुख्यमंत्र्यांनीच नाकारला. लक्षद्वीपमध्ये शाळेच्या जेवणातून मांस वगळण्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मुलांनी काय खावे हा धोरणाचा विषय असून न्यायालयाने त्यात पडू नये, अशी भूमिका घेऊन न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये याचिका फेटाळली. शाळेतल्या ताटावर राजकारण नको, असे अनेक पत्रांत आहे. परंतु न्यायालयाने हा प्रश्न लोकनियुक्त सरकारवर सोपवला असेल, तर तो राजकारणातच सुटायचा आहे. त्या राजकारणात मुलांच्या बाजूने कोण बोलते, एवढेच आपल्या हाती उरते.

एक गोष्ट मात्र याच ठिकाणी स्पष्ट केली पाहिजे, कारण दोन पत्रांत ती आडवळणाने आली आहे. आपल्या मुलाने काय खावे हे पालकाने ठरवणे वेगळे आणि कोणाच्या हातचे खावे हे ठरवणे वेगळे. सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ रोजीच्या आदेशात स्वयंपाकी नेमताना दलित, अनुसूचित जाती आणि जमातींच्या व्यक्तींना प्राधान्य द्यावे, असे म्हटले. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यात एका शाळेतील मुलांनी दलित स्वयंपाकिणीच्या हातचे जेवायला नकार दिला आणि तिला कामावरून काढण्यात आले. पुढे गदारोळ झाल्यावर परत घ्यावे लागले. असा नकार हा आवडीनिवडीचा प्रश्न नाही. ती अस्पृश्यता आहे आणि राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने ती नष्ट केली आहे. छत्रपती शाहू महाराजांनी समाजासमाजांसाठी वेगळी वसतिगृहे उभारू दिली, त्यामागे त्या काळचे पंक्तिभेद हे एक मोठे कारण होते. पण शाळेच्या बाबतीत त्यांनी ती मुभा ठेवली नाही. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा १९१९ साली बंद करून ती मुले सर्वांबरोबर बसवण्याचा हुकूम त्यांनी काढला.

प्रश्न : मी निवृत्त बँक अधिकारी असून नियमित कर भरतो. ज्यांनी मुलांना जन्म दिला त्यांनी त्यांना जेवू घालावे आणि सरकारने शिकवावे, ही साधी विभागणी मोडल्यामुळे पालक बेजबाबदार होत आहेत, असे माझे मत आहे. आम्ही लहानपणी भाकरी बांधून नेत होतो आणि तरीही शिकलो. (एक ज्येष्ठ नागरिक, ताराबाई पार्क)

उत्तर : आपण भाकरी बांधून नेत होता याचा अर्थ पहाटे उठून ती कोणीतरी थापत होते. आज गोकुळ शिरगावच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाणारी आई, इचलकरंजीत रात्रपाळी करून झोपलेला यंत्रमाग कामगार बाप, हंगामात पहाटेच उसाच्या फडात उतरलेले जोडपे, यांच्या घरातली भाकरी दुपारपर्यंत शाळेत कशी पोहोचणार? त्यांना बेजबाबदार म्हणणे सोपे आहे. मला ते जमत नाही. आणि ज्या मुलांनी भाकरी नसल्यामुळे शाळा सोडली, ती आज आपल्यासारखे पत्र लिहायला मागे उरलेली नाहीत.

पण आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर याच शहराच्या इतिहासात आहे. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळी रुपया ही मजुराच्या घरात जाणवणारी रक्कम होती. ज्या दिवशी राज्य पालकाला म्हणते की मूल मळ्यात न नेता शाळेत आणून बसव, नाहीतर दंड भर, त्या दिवशी त्या मुलाचा दिवस राज्याने ताब्यात घेतलेला असतो, आणि मग त्या दिवसाच्या मध्यावर लागणाऱ्या भुकेशी आपला संबंध नाही असे राज्याला म्हणता येत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा आहे आणि तोही सहा ते चौदा वर्षांच्या मुलाने शाळेत असावे असेच सांगतो. सक्ती करणाऱ्याने शिदोरीचीही तजवीज करावी, ही माझ्या मते दया नसून हिशेब आहे.

सरकारला हे सुचले तेही सहजासहजी नव्हे. तमिळनाडूत कामराज यांनी १९५६ मध्ये आणि अधिक व्यापक प्रमाणावर एम. जी. रामचंद्रन यांनी १ जुलै १९८२ पासून शाळेत जेवण सुरू केले, तेव्हा तिजोरी बुडेल अशीच टीका झाली होती. केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ ला आली. पण आपल्याकडे पुढची काही वर्षे शिजवलेले अन्न न देता उपस्थितीच्या अटीवर महिन्याला तीन किलो तांदूळ घरी दिला जात असे. वाचकांपैकी पुष्कळांनी तो पिशवीतून आणलेला असेल. सरकारी गोदामांत धान्य सडत असताना लोक उपाशी आहेत, ही तक्रार घेऊन राजस्थानातून २००१ मध्ये लोकहक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनेने याचिका केली आणि त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना शाळेत शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला. आणि २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याच्या पाचव्या कलमाने हे जेवण मुलाचा कायदेशीर हक्क झाले. त्यामुळे योजनेचे नाव २०२१ मध्ये पंतप्रधानांच्या पदावरून ठेवले गेले असले, तरी त्यामुळे ते कोणाची भेट ठरत नाही.

पालकांची जबाबदारी यातून संपते, असेही नाही. वर्षाच्या साधारण हजार जेवणांपैकी शाळेत दोनशे-सव्वादोनशेच होतात. सकाळचे, रात्रीचे आणि सुट्यांतले सगळे घरीच असते. आपल्या कराचे म्हणाल, तर त्यातून काय उभे राहिले याचा एक पुरावा २०२१ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दिला: ज्या मुलींना लहानपणी शाळेत जेवण मिळाले होते, त्यांच्या पुढे झालेल्या मुलांत खुरटलेपणाचे प्रमाण कमी आढळले. बँकेत आपण मुदत ठेवी हाताळल्या असतील, तेव्हा परतावा पुढच्या पिढीत येतो ही कल्पना आपल्याला परकी नसावी.

प्रश्न : मी द्विशिक्षकी शाळेत मुख्याध्यापक आहे. मी शिकवायचे, की तांदूळ मोजायचा, भाजी आणायची, अॅपवर उपस्थिती भरायची आणि चव नोंदवहीत सही करायची? काही कमी-जास्त झाले की नोटीस मलाच. (एक शिक्षक, भुदरगड तालुका)

उत्तर : आपली तक्रार खरी आहे. जेवण वाढण्यापूर्वी शिक्षकाने ते चाखून पाहावे हा नियम मात्र मी सोडायला सांगणार नाही. बिहारमध्ये सारण जिल्ह्यातील गंडामन गावात १६ जुलै २०१३ रोजी कीटकनाशक मिसळलेल्या तेलातले जेवण खाऊन २३ मुले दगावली, त्यानंतर या नियमाकडे कागदी उपचार म्हणून पाहणे शक्य नाही. पण चाखणे वेगळे आणि कोठार सांभाळणे वेगळे. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतच अध्यापनात अडथळा येईल असे काम शिक्षकावर टाकू नये, असे आहे. प्रत्यक्षात दोन शिक्षकांच्या शाळेत दुसरे कोण असते?

हिशेब किती काटेकोर आहे तो वाचकांनीही पाहावा. १ मे २०२५ पासून धान्य सोडून इतर साहित्याचा दर पहिली ते पाचवीला दररोज मुलामागे ६ रुपये ७८ पैसे आणि सहावी ते आठवीला १० रुपये १७ पैसे आहे. त्याचा भार केंद्र आणि राज्य ६०:४० प्रमाणात उचलतात, तर तांदूळ केंद्राकडून येतो. समजा, पाचवीपर्यंतची शंभर मुले जेवली. दहा किलो तांदूळ, दोन किलो डाळ, पाच किलो भाजी, अर्धा किलो तेल, शिवाय मीठ-मसाला आणि इंधन. तांदूळ वगळता हे सगळे ६७८ रुपयांत बसवायचे. डाळ आणि तेल यांतच निम्म्याच्या आसपास रक्कम जाते आणि उरलेल्यात भाजीबरोबर गॅसही आला. पावसाळ्यात टोमॅटो-कोथिंबीर कडाडली की आमटीतून भाजी हळूच नाहीशी होते. त्याबद्दल नोटीस शाळेला येते, दर ठरवणाऱ्याला येत नाही. दुकानात एका अंड्यालाच सहा-सात रुपये पडतात, हे शेजारी ठेवून पाहिले की अंड्याला स्वतंत्र निधी का लागतो तेही कळते.

स्वयंपाकी-मदतनिसांची गोष्ट याहून वाईट आहे. केंद्राने २००९ मध्ये ठरवलेले महिन्याला १,००० रुपयांचे मानधन, तेही वर्षाचे दहा महिने, अजून तिथेच आहे. महाराष्ट्राने आपली भर घालून २०२३ मध्ये ते १,५०० वरून २,५०० रुपयांवर नेले. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर दिवसाला शंभर रुपये झाले. राज्यात रोजगार हमीच्या कामाची एका दिवसाची मजुरी २०२५-२६ मध्ये ३१२ रुपये होती. त्या बाईंना मजूर न म्हणता मानसेवी म्हटले की किमान वेतनाचा प्रश्न उद्भवत नाही, ही सरकारची जुनी युक्ती आहे. आपल्या संघटनेने अशैक्षणिक कामाविरुद्ध निवेदन देताना स्वयंपाकिणींच्या मानधनाची मागणी त्याच कागदावर घालावी, असे सुचवतो. त्यांना पुरेसे मानधन आणि थोडे प्रशिक्षण मिळाले, तर कोठाराची नोंदही त्या ठेवू शकतील आणि आपला तास वाचेल.

प्रश्न : एवढा खटाटोप करण्यापेक्षा पालकांच्या बँक खात्यात पैसेच जमा केले तर प्रत्येकाला आपल्या आवडीचे खाता येणार नाही का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठ परिसर)

उत्तर : येणार नाही. वरच्या उत्तरातील दर पाहा: दिवसाला पावणेसात रुपयांत घरी काय शिजेल? शाळेत शंभर मुलांचे एकत्र शिजते म्हणून ते निदान जमते. शिवाय खात्यात आलेला पैसा घराचा होतो आणि घरात तो औषधाला, हप्त्याला किंवा मोठ्या भावाच्या फीला जातो; यात कोणाचा दोष नाही. जेवण मात्र पोटात जाते, आणि त्यासाठी मुलाला शाळेत यावे लागते. करोनाच्या काळात शाळा बंद असताना धान्य घरी देणे भाग होते, ते त्या वेळेपुरते ठीक होते.

प्रश्न : माझी मुलगी शहरातल्या एका खासगी इंग्रजी शाळेत आहे. डब्यात अंडे किंवा मांसाहार आणू नये, अशी सूचना शाळेने दिली आहे. एकदा तिचा आम्लेट-पोळीचा डबा वर्गाबाहेर बसून खायला लावला. हे चालते का? (एक पालक, नागाळा पार्क)

उत्तर : इथे पहिल्या प्रश्नातील बाजू उलटली आहे, तत्त्व मात्र तेच आहे. घरून आणलेला डबा हे आपल्या मुलीचे ताट आहे. खासगी शाळेला शिस्तीचे नियम करता येतात, आणि वास येणारे किंवा लवकर खराब होणारे पदार्थ आणू नका असे ती सगळ्यांना सारखे सांगू शकते. परंतु नियम काहीही असला, तरी आठ-नऊ वर्षांच्या मुलीला डब्यासाठी वर्गाबाहेर बसवणे ही शिक्षा आहे, आणि मुलांना शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देण्यास शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मनाई केली आहे. तोंडी बोलून भागवू नका. प्रसंग आणि तारीख लिहून मुख्याध्यापकांना पत्र द्या, पोच घ्या आणि उत्तर न आल्यास पत्राची प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना पाठवा. शाळेतल्या इतर पालकांना बरोबर घ्या. त्यांत शाकाहारी पालक असतील तर अधिक चांगले.

याच निमित्ताने एक उणीव नोंदवतो. शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के राखीव जागांवर खासगी विनाअनुदानित शाळांत गेलेल्या गरीब मुलांना पोषण आहार मिळत नाही, कारण योजना सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांपुरतीच आहे. तेच मूल महापालिकेच्या शाळेत राहिले असते तर जेवले असते. या मुलांच्या डब्यात काय असते, हे त्या शाळांतील शिक्षकांनी कधी लिहून पाठवले, तर या स्तंभात अवश्य छापू.

प्रश्न : आमच्या गावच्या शाळेत गेल्या महिन्यात आठ दिवस जेवण शिजले नाही. गॅस संपला, असे सांगतात. तक्रार कोठे करायची? (शाळा व्यवस्थापन समितीच्या एक सदस्या, राधानगरी तालुका)

उत्तर : आपण स्वतःच समितीच्या सदस्या आहात, त्यामुळे पहिली तक्रार आपल्याच बैठकीत, इतिवृत्तात नोंद करून मांडा. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. इतिवृत्तातली त्यांची नोंद सहज फेटाळता येत नाही.

केंद्राने २०१५ मध्ये केलेल्या नियमांप्रमाणे धान्य, पैसा, इंधन किंवा स्वयंपाकी नसल्यामुळे, अगर अन्य कोणत्याही कारणाने जेवण दिले गेले नाही, तर मुलाला त्या दिवसांचे धान्य आणि शिजवण्याच्या खर्चाची रक्कम अन्नसुरक्षा भत्ता म्हणून पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळाली पाहिजे. मुलाने स्वतःहून जेवण नाकारले असेल, तर मात्र हा भत्ता मागता येत नाही. सलग तीन शाळेचे दिवस किंवा महिन्यात एकूण पाच दिवस जेवण चुकले, तर जबाबदारी निश्चित करून कारवाई करणे राज्यावर बंधनकारक आहे. आपल्याकडे आठ दिवस झाले आहेत. याच नियमांनुसार निधी किंवा धान्य तात्पुरते उपलब्ध नसल्यास मुख्याध्यापक शाळेकडचा अन्य निधी वापरून जेवण चालू ठेवू शकतात आणि ती रक्कम नंतर भरून मिळते, तेव्हा गॅस संपला हे आठ दिवसांचे कारण होऊ शकत नाही. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करताना कोणत्या तारखांना जेवण झाले नाही आणि त्या दिवशी पटावर किती मुले हजर होती, हे हजेरीपटावरून उतरवून जोडा. भत्ता त्या आकड्यांवरच मोजला जाणार आहे.